'जाम' हा शब्द एक, दुखणी चार: पुरात बुडालेल्या जीपचे नट सोडवताना

महिंद्राची सीजे-३बी, १९६५ची, उंच बॉनेटवाली. इंजिन तेच चार सिलिंडरचं हरिकेन, २,१९९ सीसी, इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. गाडी कोल्हापुरात शाहूपुरीच्या सखल अंगाला एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि पुढे पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं, तेव्हा या शेडमध्ये जीपच्या फ्लोअरपर्यंत पाणी चढलं. ओसरल्यावर पाइपनं वरवर धुतलं आणि गाडी पुन्हा तिथंच ठेवली गेली. त्यानंतर चार पावसाळे ती जागची हलली नाही.

आता ती पूर्ण उघडून, चासी सुटी करून मुळाबरहुकूम उभी करायची होती. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते; मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. त्यामुळे इंजिन नंबर खोदलेला मूळ ब्लॉक आणि मूळ चासी, या दोघांना धक्का लागता कामा नये, हे पहिल्याच दिवशी ठरलं. नट गेला तर नवा मिळतो. स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो ती आटे पाडलेली दांडी, लेथवर करून घेता येतो. ब्लॉक फुटला तर त्या नंबरचा दुसरा कुठून आणणार? पुढे जिथं जिथं अडलं तिथं याच उतरंडीनं निर्णय घेतला: आधी नटाचा बळी, मग स्टडचा, ब्लॉकचा कधीच नाही.

कोल्हापुरातल्याच उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतल्या शेडमध्ये गाडी टो करून आणली तेव्हा तिच्यावर एक प्रयोग आधीच होऊन गेला होता. चाकाच्या पान्याला चार फुटी पाइप लावून डाव्या मागच्या चाकाचे दोन स्टड तोडलेले होते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या ओतीव नळाच्या) एका नटाच्या कडा १५ नंबरच्या गोटीनं (सॉकेटनं) गोल करून ठेवल्या होत्या. म्हणजे सुरुवात शून्यावरून नव्हे, उण्यातून होती.

आधी निदान

गॅरेजमध्ये 'नट जाम आहे' एवढंच म्हटलं जातं. पण या एका गाडीत जाम होण्याची चार वेगळी कारणं होती आणि चारींवर उपाय वेगळा.

चाकांचे नट आणि खालचे बोल्ट गाळामुळे अडकले होते. पुराचा बारीक गाळ आट्यांत भरून वाळला आणि त्याच्या ओलीनं आतून गंज चढला. लोखंड गंजलं की ते मूळ धातूच्या दोन ते सहापट जागा खातं. आट्यांमधली फट तेवढी नसतेच, म्हणून नट स्वतःच्याच गंजानं आवळला जातो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डपर्यंत पाणी पोहोचलंच नव्हतं. तिथलं दुखणं उष्णतेचं. हजारो वेळा तापून थंड झालेल्या स्टडवर काळी-तांबूस खपली धरते, स्टड ताणून बारीक होतो, नटाची धातू खंगते. अशा ठिकाणी तेल जवळपास निरुपयोगी, कारण खपली तेल आत जाऊच देत नाही.

पुढच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) शॅकल, म्हणजे पाटा चासीला जोडणाऱ्या हलत्या कड्या, ग्रीस न मिळाल्यानं धरल्या होत्या. जुनं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं आणि त्यात रेती.

चौथं कारण माणूस. चुकीच्या मापाचा पाना, आडवे चढवलेले आटे, मिलीमीटरचा नट इंची स्टडवर ठोकून बसवलेला, आणि एका ठिकाणी तर 'सुटू नये' म्हणून नटावर वेल्डिंगचा ठिपका. साठ वर्षांच्या गाडीवर किती हातांनी काम केलं असेल याचा हा पुरावा, आणि खरं सांगायचं तर गंजापेक्षा हेच जास्त छळतं.

म्हणून कुठलाही पाना लावण्याआधी दोन दिवस नुसती पाहणी. प्रत्येक जोड वायर ब्रशनं लख्ख करायची, बाहेर आलेल्या आट्यांवर थ्रेड गेज ठेवायचं, फोटो काढायचा आणि कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: आटे कुठल्या मापाचे, कुठल्या दिशेचे, आणि मोडलं तर काय जाईल.

माप महत्त्वाचं, कारण ही गाडी इंची आहे आणि आपल्या गॅरेजमध्ये हाताला लागतो तो पाना मिलीमीटरचा. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिमी, १९चा पाना बिनघोर लावा. ७/१६ म्हणजे ११.११, ११चा बसतो. ५/८ म्हणजे १५.८८; १६चा चालून जातो. घोळ होतो तो दोन ठिकाणी. १/२ इंच म्हणजे १२.७० आणि त्याला १३ लावतात. ९/१६ म्हणजे १४.२९ आणि त्याला १५ लावतात. पहिल्यात ०.३ मिमी खेळ, दुसऱ्यात ०.७. घट्ट नटाला तेवढा खेळ कोपरे खाऊन टाकायला पुरतो. ९/१६चा नट गंजून झिजला असेल तर मात्र १४ची गोटी हातोडीनं ठोकून चढवावी, ती बरोबर पकडते. गोटी सहा कोनांची हवी. बारा कोनांची गोटी टोकावर जोर देते आणि जाम नटाला ती वैरी.

तेल: काय घालायचं त्यापेक्षा कधी घालायचं

चिखलावर तेल ओतणं म्हणजे तेल वाया घालवणं. प्रेशरच्या पाण्यानं सगळा गाळ काढला, कंप्रेसरच्या हवेनं आणि एक दिवसाच्या उन्हानं वाळवलं, मगच तेल. ब्रेक ड्रमच्या आसपास हवा मारली नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते उडवायचं नसतं. तिथं ओल्या फडक्यानंच पुसलं.

तेल म्हणून ऑटोमॅटिक गिअरचं एटीएफ आणि ॲसिटोन समप्रमाणात. ॲसिटोन तेलाला पातळ करून फटीत ओढून नेतं आणि उडून जातं, तेल मागं राहतं. दोन्ही नीट मिसळत नाहीत, त्यामुळे दर वेळी बाटली हलवायची. प्लास्टिकची पातळ बाटली ॲसिटोननं मऊ पडते. काचेची किंवा पत्र्याची घ्या, आणि पंधरा फुटांत विडीसुद्धा नको. तयार मिळणारं पेनिट्रेटिंग ऑइलही चालतं. डब्ल्यूडी-४० घराघरांत असतं, पण त्याचं मूळ काम पाणी हटवण्याचं. खोल गंजावर ते मंद पडतं. डिझेल किंवा रॉकेल अगदीच काही नसेल तर, पण त्याला आठवडा द्यावा लागतो.

प्रमाण थोडं: एका नटाला पाच-सहा थेंब, सकाळी आणि संध्याकाळी, सलग चार दिवस. प्रत्येक वेळी तेलानंतर २५० ग्रॅमच्या हातोडीनं नटाच्या सपाट बाजूंवर पंधरा-वीस हलके टोले. जोराचा टोला नव्हे; घंटी वाजावी तसा. त्या कंपनानं गंजाला बारीक तडे जातात आणि तेल त्यातून उतरतं. स्टडच्या तोंडावर थेट हातोडी मारली तर टोक पसरतं आणि मग नट बाहेर येतच नाही. तिथं पितळेचा तुकडा मध्ये धरायचा.

चार दिवस गाडी नुसती भिजत पडलेली पाहवत नाही. 'जोर लावा की' म्हणणारे शेडमध्ये दिवसाला दहा येतात. पण हे चार दिवस वाचवायला गेलं की पुढे ड्रिलिंगमध्ये आठ दिवस जातात.

चाकं: दिशा चुकली होती

डाव्या मागच्या चाकाचे दोन स्टड का तुटले, याचं उत्तर गंजात नव्हतंच. जुन्या विलिस घराण्याच्या जीपना डाव्या बाजूच्या चाकांना डावे आटे असतात. गाडी पुढं चालताना डावं चाक बाहेरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. नट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून ही सोय. म्हणजे डावीकडचे नट सोडवायला पाना घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा. ज्यानं चार फुटी पाइप लावला तो सोडवत नव्हता, आवळत होता.

स्टडच्या टोकावर इंग्रजी एल अक्षराचा ठसा असू शकतो. गंजाखाली तो दिसत नाही, वायर ब्रशनं घासल्यावर दिसतो. ठसा नसेल तर बाहेर आलेल्या आट्यांचा चढ पाहायचा: स्टडचं टोक वर धरलं की आटे डावीकडे चढत जाणारे म्हणजे डावे. आणि ठशावर आंधळा विश्वासही नको, कारण मधल्या काळात कुणी हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बदललेला असेल तर डावीकडे उजवे आटे निघू शकतात. या गाडीत उजव्या पुढच्या चाकाला एक डाव्या आट्याचा स्टड मिसळलेला सापडला. एकच. पाच नटांतला एक नट उलटा सुटणार, हे गेज आणि डोळे लावल्याशिवाय कळलंच नसतं.

जोराचा हिशेब एकदा करून ठेवावा. ६० सेंटिमीटरच्या पाइपच्या टोकाला ४० किलोचा भार टाकला तर नटावर २४ किलो-मीटर टॉर्क येतो. ३/८ इंची साधा स्टड आवळायला साडेचार-पाच किलो-मीटर पुरतो. म्हणजे पाचपट. चाकाचा १/२ इंची स्टड यातलं बरंच सोसतो, ३/८चा सोसत नाही, आणि पाइप दोघांमध्ये फरक करत नाही. म्हणून चाकांना दोन फुटी बार चालवला, ३/८ आणि त्याखालच्या सगळ्यांना फक्त पान्याची मूळ लांबी.

गाडी जमिनीवर, चाकांना उटी लावून, नट आधी आवळण्याच्या दिशेनं किंचित हलवायचा. अगदी वाटाण्याएवढा. गंजाची पकड एका बाजूनं तुटते आणि मग सुटण्याच्या दिशेनं जातो. सुटला म्हणून सरळ फिरवत काढायचा नाही. पाव वळसा पुढे, थोडा मागे, तेल, पुन्हा पाव वळसा. निघणारी गंजाची पूड आट्यांत गोळा होते आणि दोन वळशांनंतर नट पुन्हा धरतो. उरलेले सगळे नट असेच आले. सर्वांत हट्टी जो होता त्याला अर्धा तास लागला.

तुटलेल्या स्टडची गोष्ट वेगळी. या हबमध्ये स्टड मागून दाबून बसवलेले असतात आणि ड्रमच्या बाजूनं त्यांचा खांदा पसरवलेला असतो. तो पसरवलेला भाग न कापता प्रेसनं ढकलला तर हबचं भोक मोठं होतं आणि नवा स्टड त्यात फिरत राहतो. लेथवर दोन तास गेले: आधी खांदा कापला, मग प्रेस. नवे स्टड डाव्या आट्यांचेच लावले. सगळे उजवे करून टाकायचा सल्ला मिळत होता, पण मुळासारखी गाडी हवी तर हेही मुळासारखंच.

मागचे हब काढतानाही एक गोष्ट सांभाळावी लागते. मागचा एक्सल निमुळता आहे आणि हब त्यावर चावीनं (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्यानं) घट्ट बसतो. मोठा कॅसल नट सैल करायचा पण पूर्ण काढायचा नाही. दोन-तीन आटे ठेवायचे. पुलर लावून ताण दिला की हब तासभर गप्प बसतो आणि अचानक बंदुकीच्या आवाजानं सुटतो. नट नसेल तर तो हब समोरच्याच्या गुडघ्यावर येतो.

मॅनिफोल्डचे तीन नट

इथं सगळ्यांत जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता, कारण हे स्टड थेट ब्लॉकमध्ये बसलेले आहेत. बाहेरच्या टोकाला बारीक आटे, इंचाला २४; ब्लॉकमधल्या टोकाला जाड, इंचाला १६. इंजिन आधी बाहेर काढून स्टँडवर घेतलं. पेट्रोलची टाकी सीटखाली असते, ती काढून शेडबाहेर. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरला असेल तर त्या जागी ज्योत लावायची नाही. त्याचा विषारी वायू होतो.

बहुतेक नट गरम करून निघाले. अडले ते तीन, आणि तिघांचं तीन तऱ्हांनी.

पहिला, कडा गोल झालेला. याला उगाच व्हाइस ग्रिप लावून आणखी खाण्यात अर्थ नव्हता. चार इंची ग्राइंडरला १ मिमीची कटिंग डिस्क लावून नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजू आट्यांना न लागता कापल्या. तळाशी अर्धा मिमी धातू ठेवली. मग कापात छिन्नी ठेवून दोन टोले, आणि नट अक्रोडासारखा उघडला. मॅनिफोल्डवर काप पडू नये म्हणून खाली पत्र्याचा तुकडा. बारा मिनिटांचं काम, स्टड शाबूत.

दुसरा हलत होता, पण वाईट रीतीनं. पाना फिरतोय असं वाटायचं, आवाज नाही, आणि सोडलं की पाना परत येई. सुटणारा नट 'कर्र' असा आवाज देतो. रबरासारखा लागतो तेव्हा नट फिरत नसतो, स्टड पिळवटत असतो. तिथंच थांबायचं. ऑक्सिजन-एलपीजीच्या छोट्या नोझलनं फक्त नट तापवला, स्टडवर ज्योत नाही, तीस सेकंद, अंधारात मंद लाल दिसेपर्यंत. भर उन्हात हा लाल रंग दिसत नाही आणि माणूस जास्तच तापवतो, म्हणून शटर अर्धं ओढून काम केलं. बाजारातल्या छोट्या ब्युटेनच्या टॉर्चनं इथं भागत नाही. बीडाचा (ओतीव लोखंडाचा) एवढा मोठा ब्लॉक सगळी उष्णता पिऊन टाकतो.

९.५ मिमीचं भोक ३०० अंशांनी तापलं तर जेमतेम ०.०३ मिमी वाढतं. केसाच्या निम्मंही नाही. पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. लाली गेल्यावर, नट अजून गरम असताना, साधी मेणबत्ती आट्यांना टेकवली. वितळलेलं मेण केशाकर्षणानं आत ओढलं जातं आणि वंगण होतं. तेलासारखा धूर-भडका नाही. पहिल्या फेरीत हलला नाही. पूर्ण थंड होऊ दिला, पुन्हा तापवला, पुन्हा मेण. तिसऱ्या फेरीत 'कर्र' आला. एक पथ्य: बीडावर पाणी मारायचं नाही. लोखंडाचा सुटा बोल्ट असेल तर गरम-थंडचा झटका देता येतो. तापलेल्या बीडाच्या ब्लॉकवर पाणी म्हणजे तडा. आणि नटावर जस्ताचा मुलामा असेल तर त्याचा पांढरा धूर छातीत घ्यायचा नाही. दार उघडं, पंखा चालू.

तिसरा, सगळ्यांत मागचा, तुटला. कितीही जपलं तरी काही स्टड आतून आधीच चिरलेले असतात. हा ब्लॉकच्या पृष्ठभागापासून दोन मिमी आत तुटला. पहिला उपाय वेल्डिंगचा. बॅटरी आणि डायनॅमोच्या तारा काढून २.५ मिमीच्या ३१२ स्टेनलेस रॉडनं, ८० अँपिअरच्या आसपास, तुटक्या स्टडच्या मधोमध थेंबावर थेंब चढवत पृष्ठभागाच्या वर आणला, वर वॉशर, वॉशरवर नट आणि नटाच्या पोटातून वेल्ड. यात स्टडला आतून जी उष्णता मिळते तीच खरी कामाची. तो फुगून भोवतीचा गंज चिरडतो आणि थंड होताना आकसतो. लाली गेली की हळू मागे-पुढे. बहुतेक स्टड दुसऱ्या-तिसऱ्या वेल्डला येतात. इथं दोन्ही वेळा वेल्डच तुटला.

मग ड्रिल. हातात ड्रिल धरून, नजरेनं मध्य साधून, हे काम करायचं नाही. स्टड कठीण, भोवतीचं बीड मऊ. बिट निसटतो तो नेहमी ब्लॉकच्या अंगावर. उपाय उद्यमनगरात दहा पावलांवर होता. मॅनिफोल्ड उरलेल्या स्टडवर परत बसवला आणि तुटलेल्या जागी मॅनिफोल्डच्या भोकात घट्ट बसतील असे तीन बुश (पोकळ नळकांडी) लेथवर करून घेतले, बाहेरचा व्यास भोकाएवढा, लांबी २० मिमी, आतली भोकं ४, ६ आणि ७.४ मिमी. मॅनिफोल्डच जिग, म्हणजे ड्रिल सरळ धरणारा साचा, झाला. ४ मिमीनं आरपार, मग ६, मग ७.४, कटिंग ऑइल, कमी वेग, दर दोन मिमीला बिट बाहेर काढून कीस झटकायचा. भोकाची खोली शेजारच्या काढलेल्या स्टडवरून मोजून बिटला टेप लावली, कारण तळाच्या पलीकडे पाण्याचं जाकीट असेल तर एक बेफिकीर सेकंद सगळं इंजिन घालवतो.

जाड ३/८ आट्यांचा गाभा साधारण ७.८ मिमीचा असतो. ७.४पर्यंत गेलं की स्टडची फक्त कागदासारखी भिंत आणि आट्यांचं वेटोळं उरतं. टोकदार सुईनं त्याचं तोंड आत मोडलं आणि चिमट्यानं ओढलं. स्प्रिंगसारखं वेटोळं बाहेर आलं. शेवटी जुना, बोथट झालेला टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ केले. नवा धारदार टॅप नको. तो साफ करत नाही, धातू कापतो आणि आटे सैल करतो. आटे खरोखर गेले असते तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायची तयार आट्यांची तारेची गुंडाळी, हा पर्याय होता.

ईझी-आउट, म्हणजे उलट्या आट्यांचा तो निमुळता खिळा, इथं मुद्दाम वापरला नाही. जो स्टड पूर्ण नटाच्या पकडीनं सुटला नाही तो आतल्या बारीक खिळ्यानं सुटेल, ही आशा भाबडी असते. शिवाय खिळा आत ठोकला की तो स्टडला फुगवून आणखी घट्ट करतो. आणि तो मोडतो. मोडला की तो इतका कठीण असतो की साधं ड्रिल त्यावर घसरतं. मग ब्लॉक उचलून डाय करणाऱ्यांच्या स्पार्क मशीनवर (ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या यंत्रावर) न्यायचा. फौंड्रीच्या गावात ती सोय आहे हे नशीब, पण तिची गरज पडू नये.

पाटे आणि शॅकल

पाट्यांच्या यू-बोल्टवर एक मिनिटही घालवलं नाही. ते एकदाच वापरायचे असतात, नवे लागणारच होते. ग्राइंडरनं कापून टाकले. गॅस कटर मात्र नाही. पाट्याला आच लागली की त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं आणि पुढे तो नेमका तिथंच मोडतो.

शॅकल जुन्या पद्धतीच्या निघाल्या, यू आकाराच्या आणि आट्यांच्या बुशवर बसलेल्या. (नंतरच्या गाड्यांत रबर बुश आला.) या बुशमध्येही काही डाव्या आट्यांचे असतात. बुशच्या षट्कोनी डोक्याभोवती खाच आणि शॅकलच्या पायावर छोटा उंचवटा, ही डाव्याची खूण. वाळलेल्या ग्रीसवर तेल बाहेरून पोहोचत नव्हतं, म्हणून आतून पाठवलं: निपल (ग्रीस भरायचं तोंड) काढून भोक साफ केलं, ग्रीसगनमध्ये ग्रीसऐवजी गिअर ऑइल आणि थोडं ग्रीस मिसळून भरलं, निपल परत लावून दाब दिला आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी आट्यांतून काळा रेताड लगदा बाहेर आला आणि बुश साध्या पान्यानं सुटले. ग्रीसगनचा दाब हातोडीपेक्षा कितीतरी शहाणा.

बॉडी आणि ब्रेक

बॉडी चासीवर धरणाऱ्या बोल्टपैकी काहींची डोकी गोल, कॅरेज बोल्टसारखी. नट फिरवला की डोकंही फिरतं. डोक्यावर डिस्कनं खाच पाडून जाड स्क्रू-ड्रायव्हरनं धरलं, जमलं नाही तिथं नट कापला. वेल्डचा ठिपका दिलेला नटही डिस्कनंच गेला.

ब्रेकचे पाइप वाचवायचे नव्हतेच. फ्लेअर नट जाम असेल तर पाइप नटासकट पिळतो. सरळ पाइप नटाजवळ कापला, मग नटावर सहा कोनांची गोटी पूर्ण बसते. सिलिंडरला आच देताना आत ब्रेक ऑइल अडकलेलं नसावं, ते उकळून सिलिंडर फुटतो. ब्लीडर स्क्रू पोकळ असतो आणि त्यामुळे चिमटून तुटतो. त्याच्या भोकात बरोबर बसणारा जुन्या ड्रिल बिटचा दांडा घालून मग पाना लावला तर भिंत आत दबत नाही. चारपैकी तीन आले.

सुट्या भागांचा गंज

काढलेले ब्रॅकेट, वॉशर, मूळ बोल्ट फेकायचे नव्हते. जनावरांच्या खाद्यासाठी मिळणारी उसाची मळी इथं सहज मिळते. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात. भाग आधी ग्रीसमुक्त करून बुडवायचे आणि दहा ते पंधरा दिवस विसरायचे. गंज उतरतो, चांगल्या लोखंडाला फारसा त्रास होत नाही. ॲल्युमिनियम, जस्त आणि पितळ यात घालायचं नाही. वास उग्र येतो आणि माश्या येतात, पिंप झाकून शेडच्या मागं ठेवा. बाहेर काढल्यावर प्रेशरनं धुऊन, तासाच्या आत वाळवून तेल लावायचं. नाहीतर संध्याकाळपर्यंत नवा पिवळा गंज.

परत जोडताना

मॅनिफोल्डला नवे स्टड, वर पितळेचे नट. पितळ लोखंडावर गंजून धरत नाही, आणि पुढे कधी अडलंच तर स्टडआधी नट सुटतो किंवा कापला जातो. आट्यांना तांब्याचं अँटी-सीझ (नट धरू नये म्हणून लावायचा लेप), तांदळाच्या दाण्याएवढं. ते लावल्यावर कोरड्यासाठी दिलेला टॉर्क तसाच वापरला तर स्टड जास्त ताणला जातो. पाचवा हिस्सा कमी करावा. मधल्या नटापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, दोन फेऱ्यांत. पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापून थंड झाल्यावर पुन्हा एकदा टॉर्क तपासायचा. गॅस्केट दबल्यानं इथं हमखास थोडी ढिलाई निघते.

चाकांच्या नटांच्या निमुळत्या बैठकीवर ग्रीस किंवा अँटी-सीझ लावलं नाही. तिथं घर्षणच पकड धरतं. उजव्या पुढच्या हबमधला तो एकटा डावा स्टड बदलून उजवा केला, आणि डाव्या बाजूच्या दोन्ही ड्रमवर आतून, बाहेरून दिसणार नाही अशा ठिकाणी, पिवळ्या रंगानं 'डावे आटे' असं लिहून ठेवलं. बाहेर लिहिलं असतं तर गाडी पाहायला येणारा प्रत्येक जण त्यावर प्रश्न विचारत बसला असता.